सतराव्या लेव्हलचा कोरा कागद : फीट आणि स्पेल निवडायचे कसे

जानेवारीत आमचा खेळ शेतात होतो. यावल रस्त्याला एका मित्राची केळीची बाग आहे. विहिरीजवळ सतरंजी, मधोमध डीएमचा (गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्याचा) पुठ्ठ्याचा आडोसा, आणि पलीकडे कापसाच्या काड्यांवर भाजायला टाकलेली भरिताची वांगी. यंदा धुळ्याहून एक नवा गडी आला. डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत एकेक पात्र होऊन खेळायचा हा गोष्टीचा खेळ, त्याने कॉलेजात खेळलेला, पण तिसऱ्या-चौथ्या लेव्हलपर्यंत. आमची मोहीम पाच वर्षं चाललेली, सगळी कॅरेक्टरं सतराव्या लेव्हलला. डीएमने त्याच्या हातात कोरी शीट, म्हणजे कॅरेक्टरची माहिती भरायचा कागद, ठेवली. म्हणाला, "विझर्ड कर, भो. आमचा मागच्या वेळी मेला."

लढाई लागली, त्याची पाळी आली आणि तो वीस मिनिटं पुस्तकाची पानं उलटत बसला. भरीत थंड झालं, कळण्याच्या पुऱ्या वातड झाल्या. शेवटी त्याने फायर बोल्ट हा अगदी साधा स्पेल (जादूचा मंत्र) टाकला, तोही चुकला. "बठ्ठं वाची टाकं, पन काहीच सुचनं नही," म्हणाला बिचारा.

आमच्याकडे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव नावाचं गाव आहे. चांगदेव योगी चौदाशे वर्षं जगला, वाघावर बसून हिंडायचा, पण ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसला तेव्हा मायना काय घालावा हेच कळेना. कोराच कागद धाडला. तो बघून मुक्ताबाई म्हणाली म्हणे, चौदाशे वर्षं जगला तरी कोराच राहिला. वरच्या लेव्हलला थेट बसणाऱ्या नव्या खेळाडूची नेमकी हीच गत होते. अंगात बळ मावत नाही आणि कागदावर काय लिहायचं ते ठाऊक नाही. तो कागद, त्यातही फीट (कॅरेक्टरची खास कसबं) आणि स्पेल, कुठल्या क्रमाने भरायचा, ते इथे सांगतो. उदाहरणाला एक विझर्ड, म्हणजे जादूगार, घेऊ, नाव निंबा.

आधी पुस्तक कोणतं ते विचारा

हा खेळ १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. तेव्हापासून नियम बरेचदा बदलले. आज बहुतेक टेबलांवर पाचवी आवृत्ती चालते, पण तीही दोन प्रकारची : २०१४चं प्लेयर्स हँडबुक आणि २०२४चं सुधारलेलं. नावं तीच, स्पेल बरेचसे तेच, पण बारकावे वेगळे. आम्ही २०१४वर खेळतो, म्हणून निंबाही २०१४चा. जिथे फरक मोठा आहे तिथे सांगत जातो. तुमच्या डीएमला हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा, नाहीतर अर्धी शीट खोडावी लागेल.

पुस्तक महाग पडतं. फुकटात हवं तर नियमांचा मोठा भाग २०२३च्या जानेवारीपासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. त्या ५.१च्या कागदपत्रात स्पेल भरपूर आहेत, फीट मात्र नमुन्याला एकच : ग्रॅपलर. त्यामुळे स्पेल घरी वाचता येतील, फीटसाठी कुणाचं तरी पुस्तक मागावं लागेल. (आणि हो, फीट म्हणजे इथे फूट-इंच नव्हेत. आमच्या टेबलावर एकाने "मला किती फीट मिळतील" विचारलं, तर शेजारचा "तीस, हलायला" म्हणाला होता.)

फीट मोजा, मगच निवडा

२०१४च्या नियमात फीट ऐच्छिक आहेत. क्लासच्या (विझर्ड, फायटर असा कॅरेक्टरचा पेशा) ४, ८, १२, १६ आणि १९ या लेव्हलांना तुम्हाला गुण (बुद्धी, ताकद वगैरेंचे आकडे) वाढवायची संधी मिळते : एका गुणात २ किंवा दोन गुणांत प्रत्येकी १. कमाल २०. ही संधी सोडली तर तिच्या बदल्यात एक फीट. फायटरला (लढवय्या) ६ आणि १४ला जास्तीची संधी, रोगला (चोर-ठकसेन) १०ला. म्हणजे सतराव्या लेव्हलला विझर्डकडे चार, रोगकडे पाच, फायटरकडे सहा.

इथे नवे लोक हमखास अडखळतात. या लेव्हली क्लासच्या आहेत, कॅरेक्टरच्या नव्हेत. कुणी म्हणालं की निंबा १४ लेव्हल विझर्ड आणि ३ लेव्हल फायटर करू, चिलखत मिळेल. मिळेल, पण विझर्डची सोळावी लेव्हल हुकली आणि फायटरची चौथी आलीच नाही. चारच्या जागी तीन संध्या. शिवाय नवव्या लेव्हलचे स्पेल गेले ते वेगळंच. मिश्र क्लास करायचाच असेल तर ही किंमत आधी कागदावर लिहा.

दुसरी अट : तेच फीट दोनदा घेता येत नाही, फीटमध्येच तशी मुभा असेल तर गोष्ट वेगळी. आणि फीटला पूर्वअट असेल, समजा ताकद १३ हवी, आणि एखाद्या शापाने ती खाली गेली, तर ती परत येईपर्यंत फीट बंद.

२०२४मध्ये फीट ऐच्छिक राहिलेले नाहीत. पहिल्या लेव्हलला पार्श्वभूमीतून एक मिळतंच. चौथ्यापासून पुढची सर्वसाधारण फीट्स एका गुणात १ देतात, त्यामुळे "गुण की फीट" हे जुनं भांडण बरंचसं मिटलं. एकोणिसाव्याला एपिक बून नावाचं वेगळंच फीट येतं, आणि त्यातून वाढणारा गुण विसाच्या वर, तीसपर्यंत जाऊ शकतो.

निंबाचे फीट : एकाग्रतेचा हिशोब

निंबा माणूस आहे, २०१४च्या पुस्तकातला पर्यायी माणूस, म्हणजे पहिल्याच लेव्हलला एक फीट. गुण : बुद्धी १६, चपळाई १४, काटकपणा १५, बाकी जेमतेम, ताकद ८. विहिरीतून बादली ओढायची तरी गडी लावावा लागेल, पण चालेल.

विझर्डचं मुख्य शस्त्र बुद्धी. चौथ्याला २, आठव्याला २. बुद्धी २०, म्हणजे फाशात मिळणारी भर ५. सतराव्या लेव्हलची प्रोफिशियन्सी (लेव्हलबरोबर वाढणारी कौशल्याची भर) ६. समोरच्याने निंबाच्या स्पेलपासून वाचायला लागणारा आकडा ८ + ६ + ५ = १९. निंबाचा स्पेलने नेम धरायचा बोनस ११. हे दोन आकडे शीटच्या माथ्यावर ठळक लिहा, दर पाळीला लागतात.

आता उरलेल्या संध्या आणि पहिल्या लेव्हलचं फीट कुठे घालायचं? माझं मत ठाम आहे : एकाग्रता वाचवण्यावर. लोक हाणामारीच्या फीटवर भाळतात. वरच्या लेव्हलला विझर्डचं नुकसान तिथे होत नाही. नुकसान होतं ते कॉन्सन्ट्रेशन तुटलं की.

नियम असा. मोठ्या परिणामाचे बरेचसे स्पेल धरून ठेवावे लागतात. धरलेल्या अवस्थेत मार बसला की काटकपणाचा सेव्ह (बचावाचा फासा) टाकायचा. गाठायचा आकडा १० किंवा बसलेल्या माराच्या निम्मा, यातला जो मोठा तो. चुकलात तर स्पेल गेला, स्लॉटही (दिवसाला मोजून मिळणारी स्पेल टाकायची मुभा) गेला. एका हल्ल्यात दोन जणांनी मारलं तर दोन सेव्ह.

निंबाचा काटकपणा १५, म्हणजे भर फक्त २, आणि विझर्डला या सेव्हची प्रोफिशियन्सी नसते. १० गाठायला वीस बाजूंच्या फाशावर ८ यायला हवेत. १ ते ७ आले की चुकला : ३५ टक्के. एखाद्या किरकोळ गोब्लिन राक्षसाचा दगड लागला तरी तीनात एकदा वॉल ऑफ फोर्स, म्हणजे जादूची भिंत, कोसळणार. ही सतराव्या लेव्हलची शान नव्हे.

वॉर कास्टर हे फीट घेतलं की या सेव्हला दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. चुकायची शक्यता ३५वरून साधारण १२ टक्क्यांवर येते. शिवाय दोन्ही हात भरलेले असले तरी हातवाऱ्यांचे स्पेल टाकता येतात, आणि कुणी जवळून पळून जायला लागला तर काठी मारण्याऐवजी त्याच्यावर स्पेल सोडता येतो. निंबाने हे पहिल्या लेव्हललाच घेतलं. (२०२४मध्ये त्याला चौथी लेव्हल लागते.)

बाराव्याला रेझिलियंट, काटकपणासाठी. गुण १५चा १६ झाला, भर ३ झाली, आणि या सेव्हला प्रोफिशियन्सी मिळाली. आता बोनस ६ + ३ = ९. फाशावर १ आला तरी बेरीज १०. या खेळात सेव्हला १ आला म्हणून आपोआप चुकत नाही. म्हणजे एकवीसपर्यंतचा कुठलाही मार निंबाची एकाग्रता तोडूच शकत नाही, फासा टाकायचीही गरज नाही. चाळीसचा मार बसला तर गाठायचे २०. एका फाशावर निम्मी शक्यता, वॉर कास्टरचे दोन फासे असल्यावर ७५ टक्के. साठचा बसला तर गाठायचे ३०, ते होणे नाही. तेव्हा साठ मारणाऱ्यापासून लांब उभं राहा, त्याला फीट नाही, पाय लागतात.

त्या एका गुणाचा आणखी एक फायदा लोक विसरतात. काटकपणाची भर वाढली की जुन्या सगळ्या लेव्हलांना मिळून हिट पॉइंट (मार सोसायचा आकडा) वाढतात. सरासरी धरली तर निंबाचे १०४ होते, ते १२१ झाले. विषम गुण मुद्दाम ठेवून रेझिलियंटने सम करायचा, ही युक्ती पाठ करून टाका.

सोळाव्याला काय? अलर्ट, म्हणजे पाळीच्या क्रमाला ५ची भर आणि कुणी बेसावध गाठू शकत नाही. किंवा लकी, लांब विश्रांतीमागे (रात्रीची झोप) तीनदा फासा पुन्हा टाकायची सोय. मी अलर्ट घेतो. या लेव्हलला लढाई तीन-चार फेऱ्यांत आटोपते, आणि आधी पाळी आलेला विझर्ड रणांगण बांधून टाकतो.

एक फीट घेऊ नका असं सांगतो, निदान डोळे झाकून तरी : एलिमेंटल अडेप्ट. आग निवडली की आगीचा प्रतिकार निकामी होतो, हे खरं. पण प्रतिकार वेगळा आणि पूर्ण अभय वेगळं. लाल ड्रॅगनला आगीपासून अभय असतं, तिथे हे फीट काही कामाचं नाही. आणि फाशावरचा १ हा २ धरायचा, हा दुसरा फायदा आठ फाशांच्या फायरबॉलवर सरासरी सव्वा-दीड गुणाचा. तेवढ्यासाठी संधी घालवायची?

तलवारबाजांचं थोडक्यात. ग्रेट वेपन मास्टर २०१४मध्ये नेमाला ५ कमी करून माराला १० देतो. २०२४मध्ये हा सौदा गेला, माराला प्रोफिशियन्सी मिळते. सेंटिनेल घेतलेला माणूस पळणाऱ्याला जागीच खिळवतो, विझर्डच्या पुढे असा एक असावाच. टफ म्हणजे दर लेव्हलला २ हिट पॉइंट, सतराव्याला ३४. साधं वाटतं, पण ज्याला रोज मार खायचा आहे त्याला विचारा.

स्लॉट म्हणजे काय, ते एकदाच नीट समजून घ्या

"लेव्हल" हा शब्द दोन अर्थांनी येतो आणि घोळ होतो. कॅरेक्टरची लेव्हल १ ते २०, स्पेलची १ ते ९. पूर्ण जादूगाराला सहाव्या लेव्हलचा स्पेल अकराव्याला मिळतो, सातवा तेराव्याला, आठवा पंधराव्याला, नववा सतराव्याला. दुप्पट करून एक वजा, इतकं सोपं.

सतराव्या लेव्हलच्या विझर्डचे दिवसाचे स्लॉट : पहिल्या लेव्हलचे ४, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्याचे प्रत्येकी ३, पाचव्याचे २, आणि सहा ते नऊ यांचा प्रत्येकी एकच. एकूण १९. विसाव्याला एकूण २२ होतात, पण आठवा आणि नववा तेव्हाही एकेकच राहतो.

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. वरचे चार स्लॉट म्हणजे विहिरीचं उन्हाळ्यातलं पाणी. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कोणी अंगण धूत नाही. दिवसात एकदाच मिळणारी गोष्ट पहिल्या फेरीत गोब्लिनांवर उडवायची नाही. उलट बाजूने, ती रात्रीपर्यंत जपून तशीच घेऊन झोपणंही वेडेपणा, उरलेला स्लॉट उद्याला जात नाही.

खालचा स्पेल वरच्या स्लॉटात टाकता येतो, वरचा खालच्यात नाही. वर टाकल्याने बऱ्याच स्पेलांचा जोर वाढतो, पण तो परवडतोच असं नाही. फायरबॉल तिसऱ्या स्लॉटात आठ साधे फासे. दर वरच्या स्लॉटाला एक फासा जास्त. नवव्यात टाकला तर चौदा, सरासरी ४९. त्याच नवव्या स्लॉटात मीटिओर स्वॉर्म टाकला तर वीस आगीचे आणि वीस आघाताचे, चाळीस फासे, सरासरी १४०. वरच्या स्लॉटात मुळातला वरचाच स्पेल घाला. उरलेल्या चौथ्या-पाचव्यात मात्र फायरबॉल फुगवायला हरकत नाही.

विझर्डला एक जास्तीची सोय आहे, आर्केन रिकव्हरी : दिवसातून एकदा, छोट्या विश्रांतीनंतर, आपल्या लेव्हलच्या निम्म्याइतके स्लॉट परत. सतराचे निम्मे वर धरून ९. म्हणजे एक पाचवा आणि एक चौथा. सहावा किंवा त्यावरचा परत येत नाही.

वॉरलॉकचं गणित सगळं निराळं. सतराव्याला त्याचे चारच स्लॉट, सगळे पाचव्या लेव्हलचे, पण छोट्या विश्रांतीत परत भरतात. सहा ते नऊसाठी प्रत्येकी एकेक ठरलेला स्पेल, लांब विश्रांतीमागे एकदा.

मिश्र जादूगारांसाठी एक सावधगिरी. ९ लेव्हल क्लेरिक आणि ८ लेव्हल विझर्ड मिळून स्लॉट सतराव्या लेव्हलचे मिळतात, नववासुद्धा. पण स्पेल ज्याच्या त्याच्या क्लासप्रमाणे : क्लेरिकचे पाचव्यापर्यंत, विझर्डचे चौथ्यापर्यंत. घरात नववा स्लॉट आहे, आणि त्यात घालायला नववा स्पेलच नाही.

बावीस स्पेल कसे वाटायचे

निंबाच्या स्पेलांच्या वहीत पहिल्या लेव्हलला ६ आणि पुढे दर लेव्हलला २, असे किमान ३८ स्पेल असतात. त्यातले रोज तयार ठेवता येतात बुद्धीची भर अधिक लेव्हल, म्हणजे २२. (२०२४मध्ये हा आकडा क्लासच्या तक्त्यातच दिलेला आहे.) क्लेरिकची संख्या अशीच निघते, पण त्याला वही नाही, पूर्ण यादी खुली. सॉर्सररकडे २०१४मध्ये या लेव्हलला फक्त १५ माहीत असतात आणि लेव्हल वाढेल तेव्हाच एक बदलता येतो, त्यामुळे त्याने आणखी जपून निवडावं.

नवा माणूस बावीसमधले पंधरा मारायचे घेतो. आमच्या धुळेकराने तसंच केलं होतं. मारणारे तीन-चार पुरतात. बाकीचे असे भरा.

पहिल्यांदा जीव वाचवणारे. शील्ड (जादूची ढाल) आणि काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल मोडणारा), दोन्ही दुसऱ्याच्या पाळीत, प्रतिक्रिया म्हणून. एका फेरीत प्रतिक्रिया एकच, हे लक्षात ठेवा. शील्ड वापरला की काउंटरस्पेल गेला. २०१४मध्ये तिसऱ्या स्लॉटातला काउंटरस्पेल तिसऱ्यापर्यंतचा स्पेल आपोआप मोडतो. त्याच्या वरचा असेल तर १० अधिक त्या स्पेलची लेव्हल गाठायची, आणि इथे प्रोफिशियन्सी धरत नाहीत. निंबाची भर ५. समोरच्याने नवव्याचा टाकला तर १९ गाठायचे, म्हणजे फाशावर १४ : ३५ टक्के. स्लॉट त्या स्पेलच्या बरोबरीचा लावला तर फासा नाही, सरळ मोडला. २०२४मध्ये हा नियम पालटला. आता समोरचा काटकपणाचा सेव्ह टाकतो, आणि स्पेल मोडला तरी त्याचा स्लॉट जात नाही.

मग जागा बदलणारे : मिस्टी स्टेप, डायमेन्शन डोअर, टेलिपोर्ट. त्यानंतर दिवसभर चालणारे आणि धरावे न लागणारे. माइंड ब्लँक आठव्याचा, २४ तास टिकतो. फोरसाइट नवव्याचा, आठ तास टिकतो, आणि ज्याच्यावर टाकला त्याला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दोन फाशांची सवलत. रोगवर टाकला तर रोग दिवसभर तुम्हाला चहा पाजतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, सेव्ह न मागणारे. वरच्या लेव्हलचे मोठे शत्रू लेजेंडरी रेझिस्टन्स घेऊन येतात. म्हातारा लाल ड्रॅगन दिवसातून तीनदा चुकलेला सेव्ह "केला" म्हणू शकतो. तुम्ही आठव्याचा स्पेल टाकता, फासा पडतो, चुकतो, सगळे ओरडतात, आणि डीएम आडोशामागून शांतपणे म्हणतो, "वाचला." तीनदा असं झालं की माणूस खेळ सोडतो. म्हणून वॉल ऑफ फोर्स, फोर्सकेज, मेझ असे स्पेल ठेवा. मेझमध्ये समोरचा सरळ दुसऱ्या जगातल्या भुलभुलैयात जातो, सेव्ह नाही. बाहेर यायला त्याने आपली पाळी खर्चून बुद्धीवर २० गाठायचे. हा सेव्ह नसल्याने लेजेंडरी रेझिस्टन्स लागत नाही. म्हाताऱ्या लाल ड्रॅगनची बुद्धी १८, भर ४, फाशावर १६ लागतात : दर पाळीला चारात एक संधी. पॉवर वर्ड किलही सेव्ह मागत नाही, १०० किंवा कमी हिट पॉइंट उरलेला जागीच मरतो. पण डीएम आकडा सांगत नाही, अंदाज तुमचा.

विधीचे स्पेल, म्हणजे दहा मिनिटं जास्त घेऊन स्लॉटाशिवाय टाकता येणारे, विझर्डला तयार ठेवावेच लागत नाहीत. वहीत असले की झालं. त्यांवर बावीसमधली जागा घालवू नका.

आता लाल पेन घ्या आणि धरून ठेवायच्या प्रत्येक स्पेलला गोल करा. वॉल ऑफ फोर्स, फ्लाय, हेस्ट, मेझ, होल्ड मॉन्स्टर. या गोलांतला एका वेळी एकच. दुसरा टाकला की पहिला त्याच क्षणी संपतो, डीएम विचारत बसत नाही.

एका पाळीत किती

एक कृती, एक बोनस कृती मिळाली तर, आणि फेरीत एक प्रतिक्रिया. २०१४चा नियम असा : बोनस कृतीने कुठलाही स्पेल टाकला, तर त्याच पाळीत दुसरा स्पेल फक्त एका कृतीचा कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा साधा स्पेल) असू शकतो. मिस्टी स्टेपने उडी मारून फायरबॉल टाकता येत नाही. स्वतःच्याच पाळीत काउंटरस्पेलही मग बंद. पण बोनस कृतीचा स्पेल मुळी टाकलाच नाही, आणि फायटरच्या अॅक्शन सर्जने दुसरी कृती मिळाली, तर दोन्ही कृतींत मोठे स्पेल चालतात. तिढा आहे खरा. २०२४ने तो सोडवला : एका पाळीत स्लॉट खर्चून स्पेल एकच.

कॅन्ट्रिपला कमी लेखू नका. ५, ११ आणि १७ला त्यांचा जोर वाढतो. निंबाचा फायर बोल्ट दहा बाजूंचे चार फासे, सरासरी २२, आणि फुकट.

हिऱ्यांचा हिशोब

जळगावला सोन्याची नगरी म्हणतात, पण खेळात हिऱ्यांची वही कुणी ठेवत नाही. हातातली जादूची काठी किरकोळ साहित्याच्या जागी चालते. ज्या साहित्याची किंमत पुस्तकात लिहिली आहे, ते मात्र प्रत्यक्ष हवं. मेलेल्याला उठवणारे स्पेल घ्या : रिव्हिव्हिफायला ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे, मेल्यापासून एका मिनिटाच्या आत. रेझ डेडला ५००चा, दहा दिवसांच्या आत. ट्रू रेझरेक्शनला २५,०००चे, पण माणूस दोनशे वर्षांपूर्वी मेलेला असला तरी चालतो. हे हिरे वापरले की संपतात. सतराव्या लेव्हलला बसताना डीएमला विचारा, माझ्याकडे किती सोनं आहे, आणि त्यातून हिरे आजच घ्या. गुहेच्या तळाशी सराफ नसतो.

विशबद्दल एकच गोष्ट

विश म्हणजे इच्छा पुरवणारा स्पेल, नवव्याचा. त्याने आठव्यापर्यंतचा कुठलाही स्पेल, कुठल्याही क्लासचा, साहित्याशिवाय आणि एका कृतीत टाकता येतो. असा वापरलात तर काही त्रास नाही. त्यापलीकडे मनाला येईल ते मागितलंत तर लांब विश्रांतीपर्यंत प्रत्येक स्पेलमागे मार बसतो, ताकद काही दिवस ३वर येते, आणि ३३ टक्के शक्यता अशी की पुन्हा कधीच विश टाकता येणार नाही. डीएमला शब्दांत पकडायला आवडतं. आमच्या एकाने "हा किल्ला आमचा होवो" म्हटलं होतं. किल्ला झाला, त्याचं कर्जही झालं. नव्या माणसाने विश म्हणजे आठव्यापर्यंतच्या सगळ्या स्पेलांची किल्ली एवढंच समजावं.

घरून निघण्याआधी

एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन पाळ्या लिहून ठेवा : पहिल्या फेरीत काय, मार खाल्ला तर काय, सगळं संपलं तर काय. प्रत्येक स्पेलपुढे पल्ला, सेव्ह कोणता, फासे किती. मीटिओर स्वॉर्म घेतला असेल तर चाळीस फासे कुठून आणणार, तेही ठरवा. आम्ही दहा फासे चारदा टाकतो.

धुळेकराने हे सगळं केलं, निंबाच खेळायला घेतला. पुढच्या रविवारी पुन्हा शेतात बसलो, वांगी काड्यांवर, समोर म्हातारा लाल ड्रॅगन. अलर्टमुळे निंबाची पाळी सगळ्यांत आधी. त्याने कार्डाकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, "मेझ." ड्रॅगन गायब. अर्धं मिनिटही लागलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, डीएमने आडोशावरून मान वर काढली. दोन फेऱ्या आम्ही ड्रॅगनची पिल्लं आरामात कापली. मग एक पिल्लू निंबाच्या अंगावर आलं, आणि आमचा गडी जोशात म्हणाला, "मी फ्लाय टाकतो, वर जातो."

डीएमने काही न बोलता ड्रॅगनची बाहुली उचलली आणि होती तिथे परत ठेवली. फ्लायभोवतीचा लाल गोल कार्डावर स्पष्ट दिसत होता.